गुरुवारची खुर्ची

गुरुवारी दुपारी दवाखान्यात पेडणेकर काकूंचा फोन आला. "आज ते यायचे नाहीत," त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या. मला वाटलं सर्दी झाली असेल, किंवा पुण्याहून मुलगी आली असेल. "बरं, मग पुढच्या गुरुवारी," असं म्हणून मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "अगं, गेले ते. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि..." माझ्यासमोर पेशंट बसली होती. मी तिचं बीपी मोजलं, गोळ्या दिल्या, त्या कशा घ्यायच्या हे तिच्याकडून वदवून घेतलं, आणि मगच बाहेर माझ्या मदतनीस सुनीताताईंना सांगितलं की बाकीच्यांना संध्याकाळी यायला सांगा. कोणाला हे कोरडेपणाचं वाटेल. पण समोरच्या बाईला अर्धवट सोडून मी धावत गेले असते, तर पेडणेकरांनी नेमकं तेच काढलं असतं, त्यांची 'एक गोष्ट' म्हणून. त्या एका गोष्टीबद्दल लिहायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला आहे. नाहीतर त्यांच्याबद्दल लिहिण्याजोगं फारसं काही घडलेलं नाही. ते जनरल प्रॅक्टिशनर होते, मीही आहे. आमच्या आयुष्यात खोकला, ताप, जुलाब, बीपी आणि शुगर याखेरीज सहसा काही घडत नाही.

डॉ. मनोहर पेडणेकर गिरगाव सोडून भाईंदर पश्चिमेला आले, तेव्हा इथे इमारती थोड्या आणि मिठागरं जास्त होती. मी बऱ्याच वर्षांनी आले आणि जागा मिळाली ती नेमकी त्यांच्या समोर, त्याच गल्लीत. माझी पाटी लागली त्या दिवशी ते आपल्या पायरीवर उभे राहून ती वाचत होते, एवढं मला आठवतं. अभिनंदन वगैरे काही नाही. वाचून झाल्यावर आत गेले. पुढची काही वर्षं आमचा संबंध मान हलवण्यापुरताच राहिला. ज्याच्याकडे रांग लहान त्याच्याकडे पेशंट जायचे, आणि मीही येता-जाता त्यांच्याकडची रांग बघून घ्यायची. हे सगळेच डॉक्टर करतात, कबूल कोणी करत नाही. माणूस उंच, किरकोळ, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी सुट्टे पैसे मागितल्यासारखा भाव. औषध कंपन्यांच्या पोरांना ते उभंही करत नसत. भाजीवाल्याशी मात्र कोथिंबिरीवरून रोज हुज्जत. गोड बोलणं त्यांना जमत नव्हतं आणि आपल्याला ते जमावं असंही त्यांना कधी वाटलं नाही.

आम्हाला एकत्र आणलं ते कांताबेननी. आमच्याच गल्लीतल्या या आजी, बीपी जास्त. एके दिवशी केबिन रोडला बहिणीबरोबर खरेदी करताना चक्कर येऊन पडल्या. मनगट मोडलं, बाकी वाचल्या. हॉस्पिटलमध्ये विचारलं, कोणतं औषध चालू आहे? त्यांनी पर्समधून दोन पुड्या काढून दिल्या. एक पेडणेकरांची, एक माझी. दोन्हींत पांढऱ्या गोळ्या आणि दोन्हींवर नाव नाही. तेव्हा आमच्याकडे पद्धतच ती होती. गोळ्या पाकिटातून काढून कागदाच्या पुडीत बांधून द्यायच्या, 'सकाळी एक' एवढं सांगायचं, नाव कधीच लिहायचं नाही. नाव लिहिलं की पेशंट पुढच्या वेळी परस्पर केमिस्टकडे जाणार, ही भीती. कांताबेनचा हिशेब सरळ होता. एका डॉक्टरच्या गोळीने बीपी हळूहळू उतरतं, तर दोघांच्या गोळीने लवकर उतरेल. दोघांना वाईट वाटू नये म्हणून त्या दोघांनाही सांगत नव्हत्या.

त्यांच्या मुलाने त्या पुड्या पेडणेकरांना नेऊन दाखवल्या आणि ते गल्ली ओलांडून माझ्याकडे आले. येऊन पेशंटच्या बाकावर नंबर लावून बसले. समोरचा डेअरीवाला काम सोडून दुकानाबाहेर आला, भांडण होणार या आशेने. पेडणेकर आत आले, टेबलावर दोन्ही पुड्या ठेवल्या आणि विचारलं, "यातली तुमची कुठली?" मी बघितल्या. मला ओळखता आली नाही. त्यांनाही आली नव्हती. आम्ही दोघांनी एकच औषध दिलं होतं, वेगवेगळ्या कंपन्यांचं. "म्हणजे आपण दोघं मिळून एका बाईला पाडलं," ते म्हणाले, "आणि एकमेकांना पत्ता नाही." मी बचावाचं काहीतरी बोलले असेन. त्यांनी ते ऐकलं नाही. म्हणाले, "एक गुरुवार मी तुमच्याकडे येऊन बसतो. पुढचा गुरुवार तुम्ही माझ्याकडे. दुपारचा तासभर. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. नंतर चहा, आणि चहाबरोबर एकच गोष्ट सांगायची, जी सुधारायला हवी. कौतुक नको." मला खात्री होती की म्हातारा माझे पेशंट मोजायला येतोय. पण नाही म्हटलं असतं तर मी घाबरले असा अर्थ झाला असता, म्हणून हो म्हटलं. पुढे जे काही चांगलं झालं ते माझ्या या हट्टीपणातून सुरू झालं, मोठेपणातून नव्हे.

पुड्यांवर नावं मात्र त्याच आठवड्यात सुरू झाली, दोन्ही दवाखान्यांत. व्हायचं तेच झालं. काही पेशंट चिठ्ठीसारखी पुडी दाखवून केमिस्टकडून गोळ्या घ्यायला लागले. पेडणेकर त्यांच्या नावाने रोज खडे फोडायचे, पण नाव लिहायचं थांबवलं नाही.

पहिल्या गुरुवारी ते येताना स्वतःची खुर्ची घेऊन आले. लाकडी, हातांची, बैठकीला वेताची जाळी. मी ती पेशंटच्या शेजारी ठेवायला गेले, तर त्यांनी उचलून कोपऱ्यात ठेवली आणि तिचं तोंड माझ्याकडे केलं. पेशंटची पाठ दिसेल, माझा चेहरा दिसेल, अशी. "पेशंटला बघायला डॉक्टर आहे," ते म्हणाले. "डॉक्टरला बघायला कोणी नाही." प्रत्येक पेशंटला आधी विचारायचं, हे डॉक्टर बसले तर चालेल का? नाही म्हटलं तर ते मुकाट्याने उठून फूटपाथवर उभे राहायचे. त्या तासात मला घाम फुटला होता. एमबीबीएसच्या तोंडी परीक्षेनंतर कोणी माझ्याकडे असं बघितलं नव्हतं. चहा आला. मला वाटलं आता माझ्या निदानात चूक काढतील, नाहीतर अँटिबायोटिकमध्ये. ते म्हणाले, "तुम्ही प्रत्येकाला शेवटी विचारता, 'कळलं ना?' सगळे 'हो' म्हणतात. डॉक्टरच्या तोंडावर 'नाही कळलं' कोण म्हणेल?" एवढंच. मग मी काय विचारू, म्हटल्यावर खांदे उडवले. तो त्यांचा प्रश्न नव्हता. मी आपलं विचार करून करून दुसऱ्या दिवसापासून पेशंटला म्हणायला लागले, "आता घरी गेल्यावर हे औषध कसं घेणार, ते मला सांगा." पहिल्याच सकाळी माझी झोप उडाली. जुलाबाचं पाण्यात विरघळवायचं औषध एक बाई मुलाला कोरडंच चाटवत होती. माझ्याकडूनच नेलेलं, माझ्याच 'कळलं ना?' नंतर.

माझी त्यांना सांगितलेली पहिली गोष्ट होती पडदा. त्यांच्या तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, फुलाफुलांचा पडदा होता, आणि आतलं सगळं बाहेरच्या बाकावर ऐकू यायचं. बायका अर्धं बोलून थांबायच्या, हे त्यांना इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग सुतार आला आणि दार बसलं. गल्लीत त्याचीही चर्चा. इतकी वर्षं पडदा पुरत होता, आता दार लावून डॉक्टर काय करतात? आमच्या गुरुवारांची चर्चा त्याहून मोठी. कोणी म्हणे मी त्यांची सून आहे, कोणी म्हणे ते माझा दवाखाना विकत घेणार आहेत. डेअरीवाल्याने एकदा मला धीर करून विचारलंच, "मॅडम, डॉक्टरसाब की प्रॅक्टिस नहीं चल रही क्या? आपके यहाँ नौकरी करते हैं?" हे मी पेडणेकरांना सांगितलं तेव्हा त्यांना मी पहिल्यांदा मोठ्याने हसताना पाहिलं. काकूंना सांगायला ते त्याच पावली घरी गेले.

आसपासच्या डॉक्टरांनीही हे करावं असं त्यांना वाटत होतं. महिन्याच्या बैठकीत त्यांनी ते मांडलं. नगरपालिकेची महानगरपालिका झाली होती, रस्ते रुंद होणार, मोठी हॉस्पिटलं येणार, अशी बैठकीत दर वेळी नवी चर्चा, आणि त्यात हे उठून म्हणाले की आपण एकमेकांच्या दवाखान्यात जाऊन बसू. लोक हसले. एकाने विचारलं, शेजाऱ्याला कोणी आपलं स्वयंपाकघर उघडून दाखवतं का? दोघे तयार झाले, चार-दोन गुरुवार बसले आणि कामं निघाली म्हणून गळाले. पेडणेकरांनी पाठपुरावा केला नाही. एखादी गोष्ट लोकांच्या गळी उतरवण्याची कला त्यांच्याकडे अजिबात नव्हती, आणि हे मी कौतुकाने म्हणत नाही. त्यांना ती असती तर बरं झालं असतं.

आता ज्यासाठी हे सगळं आठवलं, त्या गुरुवारबद्दल. माझी पाळी होती, त्यांच्या दवाखान्यात बसायची. मोरव्याहून हिराबाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. हिराबाई मासळी विकतात, नवरा गजानन बोटीवर जायचा. "डाक्टर, याला रातचा झोप न्हाय, दम लागतोय," त्या सांगत होत्या. पेडणेकरांनी स्टेथो लावला. पुढून ऐकलं, मागून ऐकलं, नेहमीसारखं सावकाश, घाई नाही. आणि म्हणाले, "छाती साफ आहे. खोकल्याचं औषध देतो." मी कोपऱ्यात बसले होते. गजाननच्या प्रत्येक श्वासाबरोबर बारीक शिटी वाजत होती. ती मला खुर्चीत बसून, कानाला काही न लावता ऐकू येत होती. ती शिटी आणि पेडणेकरांचा शांत चेहरा, दोन्ही एकदम माझ्यासमोर होतं. कुठल्याही शिकाऊ डॉक्टरकडून सुटणार नाही अशी ती गोष्ट. आणि ते पुडी बांधायला लागले होते.

आमच्या नियमात खुर्चीतल्या माणसाने बोलायचं नव्हतं. मी बोलले. "सर, मी एकदा ऐकू का?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गळ्यातला स्टेथो काढून माझ्या हातात दिला. मी ऐकलं, हे दम्याचं वाटतंय म्हटलं, आणि समोर माझ्या दवाखान्यात नेऊन गजाननला वाफेच्या मशीनवर बसवलं. हिराबाई जाताना पेडणेकरांनाच विचारत होत्या, या मॅडम तुमच्याहून शिनियर हायेत काय?

मग चहा. तो चहा मला अजून नको वाटतो. समोर बसलेल्या माणसाची सगळी प्रॅक्टिस, सगळं आयुष्य त्या दोन नळ्यांवर उभं होतं, आणि ते काढून घेणारं वाक्य मी बोलायचं होतं. मला मनापासून पळून जावंसं वाटलं. मी काहीतरी दुसरं सुरू केलं, हात धुवायच्या साबणाबद्दल. ते म्हणाले, "ते नको. आजचं सांगा."

"सर, तुम्हाला ऐकू येत नाहीये."

त्यांनी कप खाली ठेवला. "फोनचं मला कळत होतं," ते म्हणाले. "टीव्हीचंही कळत होतं. छातीचं नाही कळलं. आवाज नसला की वाटतं, छाती साफ आहे." आणि मग, "हे मला खुर्चीशिवाय कधीच कळलं नसतं." आवाज अगदी साधा, पुडी कशी बांधावी हे सांगावं तसा. मी मात्र घरी जाऊन रडले.

त्यांनी कानाची तपासणी केली. वरच्या पट्टीचे आवाज जवळजवळ गेलेले होते. मुलीने आवाज मोठा करणारा स्टेथो आणून दिला, पण त्यात छातीबरोबर पंखा आणि रिक्षाही ऐकू यायच्या. मग त्यांनी स्वतःच्या अक्षरात दारावर कागद चिकटवला. लहान मुलं आणि छातीच्या तक्रारी समोरच्या दवाखान्यात दाखवाव्या. काही महिन्यांनी दवाखानाच बंद केला. त्यांचे जुने पेशंट माझ्यावर रागावले. मॅडमने डॉक्टरला बसवलं आणि गिऱ्हाईक ओढलं, असं बोललं गेलं. काकूही तेव्हा माझ्याशी तुटक वागायच्या. तू तोंड उघडलं नसतंस तर अजून चार वर्षं सहज काढली असती त्यांनी, असं एकदा त्या बोलून गेल्या. पेडणेकर शेजारीच होते, त्या दिवशी कानाचं मशीन लावलेलं. ते एवढंच म्हणाले, "आणि त्या चार वर्षांत कोण कोण मेलं असतं, तेही सांग." काकू उठून आत गेल्या. काही गुरुवारांनी त्यांनी पेडणेकरांच्या हाती माझ्यासाठी आंबोळ्या पाठवल्या, तेव्हा मला कळलं की राग गेला.

दवाखाना बंद झाल्यावरही ते गुरुवारी माझ्याकडे यायचे, आता दर गुरुवारी. खुर्चीत बसायचे आणि कानाचं मशीन बंद करून खिशात टाकायचे. शब्द नसले की बरं दिसतं, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांना दिसायचंही. एकदा म्हणाले, पेशंट उठायच्या आधी तुमची नजर दाराकडे जाते, पुढच्याकडे. पेशंटला ती कळते आणि तो उठतो, त्याचं बोलून झालेलं नसतं. मी लक्ष ठेवलं. खरंच होतं. मग मी नजर आवरायला शिकले, आणि लोक उठता उठता थांबून खरं दुखणं सांगायला लागले. माझी प्रॅक्टिस आज जी काही बरी आहे ती अशा एकेका चहाने झालेली आहे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, कारण कौतुकाला बंदी होती. ती बंदी मोडायला हवी होती, असं आता वाटतं.

शेवटच्या गुरुवारी चहा घेऊन झाला तरी ते काही बोलले नाहीत. मी म्हटलं, सर, एक गोष्ट? त्यांनी मान हलवली. "आज काही नाही." इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. मी खूश झाले, थोडी घाबरलेही. मी खरंच चुकले नव्हते, की त्यांनाच आता दिसत नव्हतं... विचारायचं राहून गेलं.

ते गेल्यानंतर सुनीताताईंनी सोयीसाठी ती खुर्ची टेबलापाशी आणून पेशंटच्या शेजारी लावली, नातेवाइकांना बसायला. मी दोन-तीन दिवस ती तशीच राहू दिली. मग एका सकाळी स्वतःच उचलून कोपऱ्यात नेली आणि तिचं तोंड पुन्हा माझ्या दिशेला केलं. रिकामी खुर्ची काही बघत नाही, हे मला कळतं. मला भीती वेगळीच होती. पन्नाशी उलटली आहे. पेडणेकरांना सांगायला मी होते. मला कोण सांगणार?

परवा हिराबाई गजाननला घेऊन आल्या, त्याचा दम्याचा पंप संपला होता. गजानन माझ्यासमोर बसला आणि हिराबाई जागा नव्हती म्हणून कोपऱ्यातल्या त्या खुर्चीत. तिथून नवऱ्याची नुसती पाठ दिसते, तेव्हा त्या माझ्याकडेच बघत बसल्या. मी छाती ऐकली, पंप कसा घ्यायचा ते गजाननकडून करून घेतलं, गोळ्यांचं पाकीट काढून पुडीवर नाव लिहिलं. पंप पिशवीत टाकताना हिराबाई म्हणाल्या, "मॅडम, एक सांगू काय? राग न्हाय ना धरणार?"

मी म्हटलं, सांगा.

"मगासपासून तू गोळ्यांचं पाकीट हात लांब करून वाचतेस. दोनदा वाचलंस. तुला बारीक दिसत न्हाय."

मी म्हणाले, आज उजेड कमी आहे. "उजेड हाय की," त्या म्हणाल्या. मी पाकीट पुन्हा हातात घेतलं. हात आपोआप लांब गेला. नाव वाचता आलं, पण त्याखाली किती मिलिग्रॅम लिहिलंय ते येईना, आणि पुडीवर मी आकडा लिहून मोकळी झाले होते. सुनीताताईंना आत बोलावलं, त्यांच्याकडून तो आकडा वाचून घेतला. बरोबर निघाला. बांधलेली पुडी गजाननच्या हातात दिली, सुनीताताईंना माझ्यासाठी चष्म्याच्या डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितली आणि हिराबाईंना म्हटलं, बसा जरा.

मग सुनीताताईंना चहा सांगायला पाठवलं.